सापाचा हीटर आणि माझी फसलेली कंट्रोल सिस्टीम

मासिकाच्या संपादक मंडळाचा निरोप आला, "दादा, मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिहा, पण झोप आणणारं नको." आधी वाटलं पीआयडी कंट्रोलरवर लिहावं. मग आठवलं, व्हायवाला याच विषयावर मी एक्स्टर्नलसमोर पाच मिनिटं छताकडे बघत बसलो होतो. पुढे फीडबॅक म्हणजे काय, सेन्सर म्हणजे काय, हे मला नीट कळलं ते एका सापामुळे. आणि त्याची किंमत मी नाही, त्या सापाने मोजली. म्हणून हा लेख.

एम.एस.साठी अमेरिकेत मिनेसोटाला गेलो. हिवाळ्यात बाहेर उणे वीस अंश. युनिव्हर्सिटीजवळ एक रूम इतकी स्वस्त मिळाली की मला लॉटरी लागल्यासारखं वाटलं. स्वस्त का, ते बॅगा घेऊन आत शिरल्यावर कळलं. हॉलच्या कोपऱ्यात तीन फुटी काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, आणि आत चार फुटांचा साप! रूममेट म्हणाला, "हा नूडल. तुझ्यापेक्षा शांत आहे." पहिले दोन आठवडे मी हॉलमधून भिंतीला चिकटून चालायचो.

नूडल हा बॉल पायथन, शास्त्रीय नाव पायथॉन रेजियस. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांत भरपूर सापडतो. अजगराच्या कुळातला, पण आकाराने लहान आणि बिनविषारी. घाबरला की डोकं मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. अमेरिकेत आणि युरोपात लोक हा साप घरी पाळतात, त्याची पिल्लंही तिथे बंदिस्त अवस्थेत जन्मतात. नीट ठेवला तर वीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे आपली डिग्री, नोकरी, लग्न, पोराचं अॅडमिशन, सगळं होईपर्यंत तो आहेच!

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर रेक्टर सर मला शोधत येतील. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली देशी साप पकडून घरात ठेवणं गुन्हा आहे. मग तो नाग असो, धामण असो की आपला अजगर. बॉल पायथनसारखे परदेशी प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत, आणि ते बाळगणाऱ्यांना २०२४ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी कॉटखाली साप ठेवू नये. हॉस्टेलमध्ये साप निघालाच तर लांब उभं राहून वनविभागाला किंवा सर्पमित्राला फोन करावा. हा लेख उष्णतेबद्दल आहे. साप हे निमित्त. पण ज्याच्या पोटाला चटका बसला त्याच्यासाठी ते निमित्त नव्हतं, हेही लक्षात असू द्या.

सापाला हीटर लागतोच कशाला?

शाळेत आपण शिकलो, साप शीतरक्ताचा प्राणी. हा शब्द जरा फसवा आहे. सापाचं रक्त काही फ्रीजमधल्या पाण्यासारखं गार नसतं. उन्हात तापलेल्या खडकावर पडलेल्या सापाचं शरीर तुमच्या-माझ्याइतकं गरम असू शकतं. फरक एवढाच की तो ती उष्णता स्वतः बनवत नाही, बाहेरून घेतो. आपण मेसच्या पोळ्या जाळून आतली भट्टी सदतीस अंशावर चालू ठेवतो. सापाने ही भट्टीच ठेवलेली नाही. म्हणून तर मोठ्या सापाला आठवड्या-दोन आठवड्यांतून एक उंदीर पुरतो. आपल्याला दिवसातून तीन वेळा लाइनीत उभं राहावं लागतं!

पण या काटकसरीची दुसरी बाजू आहे. पचन, प्रतिकारशक्ती, हालचाल, सगळं शरीराच्या तापमानावर अवलंबून. अख्खा उंदीर गिळलेला साप गारठला तर पचनाचे रस नीट काम करत नाहीत. अन्न पोटातच सडायला लागतं आणि शेवटी तो ते ओकून टाकतो. सतत गारठ्यात राहिला तर श्वसनाचे विकार होतात. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, तोंडाशी बुडबुडे दिसतात. म्हणजे आपल्याला जेवण जेवढं गरजेचं, तेवढीच सापाला ऊब. फरक एवढाच की जेवण दिलं नाही तर तो काही आठवडे काढू शकतो.

उलट्या बाजूलाही तितकंच सांभाळावं लागतं. ऊब जास्त झाली की तो घाम गाळू शकत नाही आणि खिडकीही उघडू शकत नाही. जंगलात तो उठून सावलीत जातो, बिळात शिरतो. पेटीत त्याने कुठे जायचं, हे पेटी मांडणारा ठरवतो. सगळी मेख इथेच आहे.

एक तापमान नको, उतार हवा

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी रूममेटला विचारलं, "सेट पॉइंट किती ठेवायचा?" तो म्हणाला, "कुठल्या टोकाचा?" मला प्रश्नच कळला नाही. माझ्या डोक्यात ओव्हन होता. सगळीकडे एकसारखं तापमान, काटा स्थिर, विषय संपला.

पण सापाला दिवसभर एकच तापमान नको असतं. पोट भरलेलं असताना त्याला जास्त ऊब लागते. पचन झालं की तो गार बाजूला सरकतो. कात टाकायच्या आधी त्याचा मूड वेगळा. त्याला आता किती ऊब हवी, हे आपल्याला कुठल्याही मीटरवर दिसत नाही. ते त्यालाच कळतं. म्हणून पेटीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तापमानाचा उतार करायचा. बॉल पायथनसाठी गरम टोकाला जमिनीचा पृष्ठभाग साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार टोक २४ ते २७, आणि मधे हळूहळू बदल. अमेरिकेतला कॉर्न स्नेक असेल तर दोन्ही आकडे थोडे खाली. मग कंट्रोलर कोण? तर साप स्वतः! आपण फक्त त्याला पर्याय द्यायचे, निवड त्याने करायची.

हा उतार दीड फुटाच्या पेटीत जमत नाही. एका टोकाला हीटर लावला की दुसरं टोकही तापतं. उतार हवा तर लांबी हवी.

आणि यात एक गोम आहे, ती मला फार उशिरा कळली. साप उबेसाठी जागा निवडतो तसा तो भीतीसाठीही निवडतो. बॉल पायथन हा मुळात बिळात दडून राहणारा. अंग चारी बाजूंनी टेकेल अशी अंधारी जागा मिळाली की तो निवांत. म्हणून लपायची खोकी दोन लागतात, एक गरम टोकाला, एक गार टोकाला, आणि दोन्ही सारखीच. एकच खोकं ठेवलं तर 'लपू का ऊब घेऊ' असा पेच पडतो, आणि तो बहुतेक वेळा लपणंच पसंत करतो. मग तिथे गार असो की तव्यासारखं गरम. आमच्या पेटीत खोकं एकच होतं, गरम टोकाला. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

उष्णतेच्या तीन वाटा

कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन. सेकंड इयरला पाठ केलेलं इथे डोळ्यांनी दिसतं.

हीट मॅट म्हणजे पातळ, चपटा हीटर. तो पेटीच्या तळाला बाहेरून चिकटवतात. काचेतून उष्णता वर येते आणि सापाच्या पोटाला लागते. हवा मात्र फारशी तापत नाही. आतला भुसा हा उत्तम इन्सुलेटर. जाड थर टाकला तर वरून सगळं थंड वाटतं आणि खाली काच तापत राहते. पेटीला खाली रबरी पाय लावून थोडी फट ठेवावी लागते, नाहीतर अडकलेली उष्णता मॅटच जाळते.

दिवा वरून रेडिएशनने काम करतो, उन्हासारखा. पाठ तापते, खालचा दगड तापतो. निसर्गाच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच प्रकार. पण दिवा आत असेल तर त्याला जाळीचा पिंजरा हवाच, कारण साप उबेसाठी गरम दिव्यालाही विळखा घालतो. रात्री उजेड नको म्हणून सिरॅमिक हीटर मिळतो. तो दिव्याच्याच होल्डरमध्ये बसतो, तापतो, पण उजेड देत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे वायर निघालेला कृत्रिम दगड, ज्याला तिकडे हीट रॉक म्हणतात. आत कॉइल, वर सिमेंटसारखा थर. याच्यापासून लांब राहावं. तो एकसारखा तापत नाही, एखादा ठिपका भलताच गरम होतो. आजूबाजूची हवा गार असली की साप तेवढ्याच एका गरम वस्तूला धरून बसतो आणि पोट भाजून घेतो.

इथे कुणीही विचारेल, भाजतंय तर उठत का नाही? गंमत अशी की बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या बारीक खाचा असतात. अंधारात उंदराच्या अंगाची ऊब तो दुरून टिपतो. २०१० साली शास्त्रज्ञांनी या इंद्रियामागचं प्रथिनही शोधून काढलं. पण ही यंत्रणा समोरून येणारं रेडिएशन टिपण्यासाठी, म्हणजे शिकार शोधण्यासाठी. पोटाखालचा पृष्ठभाग हळूहळू धोक्याच्या पातळीवर चढतोय, तेव्हा हा साप वेळेत उठेलच असा भरवसा धरता येत नाही. निसर्गात उष्णता बहुतेक वरून, सूर्याकडून येते. बिळाची जमीन कधी तवा होत नाही. लाखो वर्षांत जो धोका आलाच नाही त्याच्यासाठी अलार्म कुठून असणार?

थोडं गणित

पेटीला किती वॅट लागतील? आमची पेटी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच. चार बाजू आणि झाकण मिळून क्षेत्रफळ सुमारे १.६ चौरस मीटर. खोली १८ अंश, आतली सरासरी २७, म्हणजे फरक ९. दोन्ही बाजूंना संथ हवा असलेल्या साध्या काचेचा यू साधारण ४ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरा. गुणाकार केला की ५८ वॅट. जाळीच्या झाकणातून निसटणारी गरम हवा वेगळीच. हीच पेटी १८ मिलिमीटर प्लायवुडची केली तर यू अडीचच्या आसपास येतो आणि काम चाळीसच्या आत भागतं. म्हणजे मोठा हीटर घेण्याआधी पेटीलाच स्वेटर घालावा! रूममेटने तीन बाजूंना थर्माकोल आणि झाकणाच्या बऱ्याच भागावर फॉइल लावलं होतं ते याचसाठी.

फॉइलचा दुसराही उपयोग आहे. हवा तापवली की ती कोरडी होते. २० अंशाची ५० टक्के आर्द्रतेची हवा तशीच ३२ अंशांवर नेली तर तिची सापेक्ष आर्द्रता जवळपास २५ टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण हवेची तहान दुप्पट. बॉल पायथनला निदान ५०-६० टक्के लागते. कमी पडली की कात एकसंध निघत नाही, तुकडे अंगाला चिकटून राहतात, डोळ्यांवरचा पापुद्राही अडकतो. म्हणून पाण्याचं मोठं भांडं हवं आणि वरची जाळी बरीचशी झाकलेली हवी. ऊब आणि ओल या दोन गोष्टी वेगवेगळ्या सोडवता येत नाहीत.

थर्मोस्टॅट, म्हणजे रॉड आणि गीझरमधला फरक

बादलीतला हीटिंग रॉड हॉस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे. बंदी आहे, तरी माहीत आहे! त्याला काही कळत नाही. पाणी उकळलं तरी तो तापतच राहतो, बादली वितळेपर्यंत. इस्त्रीत आणि गीझरमध्ये थर्मोस्टॅट असतो. ठरलेलं तापमान आलं की बंद, खाली गेलं की चालू. थर्मोस्टॅटशिवाय लावलेली हीट मॅट म्हणजे बादलीतला रॉड. ती स्वतःहून ४५-५० अंशांपर्यंत सहज जाऊ शकते.

सापाच्या पेटीसाठी तीन तऱ्हेचे थर्मोस्टॅट मिळतात. पहिला साधा ऑन-ऑफ. हीट मॅटला चालतो, पण दिव्याला लावला तर दिवसभर उघडझाप करून दिवाही मारतो आणि सापालाही वैताग. दुसरा डिमिंग, दिव्याचा उजेड कमी-जास्त करून तापमान धरतो. तिसरा पल्स, ठरावीक काळातला किती भाग वीज द्यायची ते ठरवतो, मॅटला आणि सिरॅमिक हीटरला उत्तम. डिमिंग आणि पल्स म्हणजे आपला प्रपोर्शनल कंट्रोल. लॅबमध्ये ज्याचं रीडिंग आपण शेजारच्या बॅचचं छापतो, तोच!

पण थर्मोस्टॅट कितीही भारी असला तरी त्याला जग दिसतं ते एकाच भोकातून, सेन्सरमधून. सेन्सर जिथे आहे तिथलं तापमान तो राखतो. साप जिथे आहे तिथलं नाही.

माझा पराक्रम

डिसेंबरमध्ये रूममेट दहा दिवस घरी गेला. जाताना म्हणाला, "पाणी बदल, आकडे बघ, बाकी कशाला हात लावू नकोस." इंजिनिअरला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं.

त्याने सेन्सर पेटीच्या बाहेर, मॅट आणि काच यांच्या मधे दाबून बसवला होता. डिस्प्लेवर ३३. पण मी आत थर्मामीटर ठेवला तर भुशाच्या वरचं तापमान २९! मला वाटलं, हा सापडला घोटाळा. जे कंट्रोल करायचं तेच मोजलं पाहिजे, हे पुस्तकात पहिल्या पानावर आहे. सापाला जाणवतो तो आतला पृष्ठभाग. मग सेन्सर आतच हवा! मी तो काढला आणि आत भुशावर, खोक्याच्या तोंडाशी चिकटपट्टीने लावला. सेट पॉइंट ३२. दोन तास बघितलं, काटा स्थिर. स्वतःच्या पाठीवर थाप मारली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्प्लेवर २५. हीटरचा लाल दिवा चालू. बाहेर बर्फ पडत होता. मी म्हटलं, थंडीच एवढी आहे, बिचारा हीटर झगडतोय. मदत म्हणून सेट पॉइंट ३४ केला आणि लॅबला गेलो.

संध्याकाळी पाणी बदलायला झाकण उघडलं. सेन्सर गार टोकाला, पाण्याच्या भांड्याशी ओला होऊन पडलेला. रात्री नूडल फिरताना चिकटपट्टी निघाली होती आणि तारेसकट सगळं ओढलं गेलं होतं. म्हणजे दिवसभर थर्मोस्टॅट गार टोकाच्या पाण्याला विचारत होता, "झालं का गरम?" आणि 'नाही' असं उत्तर आलं की दुसऱ्या टोकाची मॅट पूर्ण ताकदीने चालवत होता.

खोकं उचललं. नूडल आतच होता. त्याने अंगाखालचा भुसा बाजूला सारला होता आणि उघड्या काचेवर वेटोळं घालून पडला होता. मी काचेला हात लावला, हात ठेववेना. इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. ४९.

त्याला उचलून बाजूला ठेवलं. पोटाच्या पांढऱ्या खवल्यांवर दोन लाल चट्टे, एका जागी फोड धरलेला. त्याने एकदाही फुत्कार केला नाही. साप ओरडत नाही, कण्हत नाही. त्याच्याकडे सांगायला काही साधनच नाही, आणि जे एकमेव साधन होतं, उठून दुसरीकडे जाणं, ते एकच खोकं ठेवून आम्ही काढून घेतलं होतं.

रूममेटला फोन केला. सगळं ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच विचारलं, "सकाळी २५ दिसलं तेव्हा काचेला हात लावून बघितलं होतंस का?"

नव्हतं बघितलं. मी डिस्प्ले बघितला होता.

चूक नेमकी कुठे?

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. जखम साफ केली, मलम दिलं, भुसा काढून तळाला साधे कागद घालायला सांगितले, म्हणजे जखमेत कचरा जाणार नाही. बिल माझ्या महिन्याच्या किराण्याएवढं आलं. ते मी दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. नूडल पुढे दोन-तीनदा कात टाकेपर्यंत जखम भरत आली. डाग मात्र राहिला.

त्यानंतर मी वहीत रीतसर फॉल्ट अॅनालिसिस केलं. डिग्रीतलं पहिलं मनापासून केलेलं सबमिशन असेल ते!

एक, सेन्सरची जागा. माझा तर्क पुस्तकातला होता, पण अर्धवट. साप भुसा सारून काचेपर्यंत पोचतो. म्हणजे तो पोचू शकेल अशी सगळ्यात गरम जागा म्हणजे काच. थर्मोस्टॅटने राखायची ती हीच जागा. भुशाच्या वर किती ऊब आहे ते बघायला वेगळा थर्मामीटर. सुरक्षेचं मोजमाप आणि आरामाचं मोजमाप, दोन्ही एकाच सेन्सरवर टाकायचं नाही. भुसा वर गार वाटत होता तर त्याचा थर कमी करायला हवा होता.

दोन, सेन्सर पक्का नव्हता. दिव्याच्या पेटीत सेन्सर आत ठेवावाच लागतो, तेव्हा तो सापाला हलवता येणार नाही असा स्क्रूने किंवा क्लिपने बसवायचा. चिकटपट्टी आत कधीही नाही. ती सुटते, आणि सापाच्या अंगाला चिकटली तर खवले ओढून काढते. सेन्सर ओला झाला की तो कमी तापमान सांगतो आणि हीटर वाढतो, हेही विसरायचं नाही.

तीन, रीडिंग विचित्र आलं तेव्हा मी सेन्सरवर शंका घेण्याऐवजी सेट पॉइंट वाढवला. काल ३२ धरणारा हीटर आज पूर्ण चालू असूनही २५ दाखवतोय, तर एक तर हीटर मेला किंवा सेन्सर हलला. दोन्हीत सेट पॉइंट वाढवणं हा उपाय नाही.

चार, दुसरा रक्षकच नव्हता. गीझरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय वेगळा थर्मल कटआउट असतो, तो उगीच नसतो. थर्मोस्टॅटचा रिले चिकटला किंवा ट्रायॅक शॉर्ट झाला तर हीटर चालूच राहतो. म्हणून दुसरा, स्वतंत्र सेन्सरवर चालणारा कटऑफ लावायचा, दोन-चार अंश वर सेट करून. आणि हीटर मुळातच गरजेपुरत्या ताकदीचा घ्यायचा, म्हणजे सगळं बिघडलं तरी फार वर जाणार नाही.

पाच, खोकं एकच. माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. बाकी चारही चुका झाल्या असत्या आणि गार टोकाला दुसरं खोकं असतं, तर नूडल कदाचित तिकडे सरकला असता. यंत्र बिघडतंच. बिघडल्यावर आतल्या जिवाला पळायला जागा आहे का, हे आधी बघायचं.

मोजण्याबद्दल दोन शब्द

काचेला चिकटवायचे गोल, काट्याचे थर्मामीटर स्वस्तात मिळतात. ते सांगतात भिंतीजवळच्या हवेचं तापमान, आणि तेही अंदाजे. सापाचं पोट असतं जमिनीवर. तार असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, एक गरम टोकाला आणि एक गार टोकाला, हे कमीत कमी. इन्फ्रारेड गन पृष्ठभाग झटकन मोजते, पण दोन पथ्यं आहेत. काचेच्या बाहेरून आत नेम धरला तर ती फक्त काचेचं तापमान सांगते, कारण या तरंगलांबीला काच अपारदर्शक असते. आणि चकचकीत फॉइलवर ती साफ खोटं बोलते, कारण फॉइलची एमिसिव्हिटी फार कमी. आणि सगळ्यात जुनं उपकरण, आपला तळहात. आकडा सांगणार नाही, पण ४९ आणि ३२ मधला फरक नक्की सांगेल.

वीज गेली तर? आपल्याला सवय आहे, त्यांना नसते! पेटीला ब्लँकेट गुंडाळायचं, हवेला फट ठेवून गरम पाण्याच्या बाटल्या कापडात लपेटून पेटीच्या बाहेर टेकवायच्या, आणि ऊब परत येईपर्यंत सापाला खायला द्यायचं नाही. काही तास थोडा गारवा सोसतो. मध्यरात्री घाबरून केलेला अतिरेकी शेक सोसत नाही.

असो. रूममेट सुट्टीवरून परत आला तेव्हा मी सेन्सर जुन्या जागी बसवून, वेगळा कटऑफ लावून, गार टोकाला दुसरं खोकं ठेवून तयार होतो. त्याने सगळं बघितलं, काचेवर हात ठेवला, मान हलवली. त्या रात्री नूडल बाहेर आला, पेटीभर एक चक्कर मारली, आणि गार टोकाच्या नव्या खोक्यात जाऊन बसला. आम्ही दोघं सोफ्यावर बसून बघत होतो. पहाटे कधीतरी तो गरम बाजूला आला. सकाळी पुन्हा गार बाजूला.

तुमच्यापैकी बरेच जण पुढे बॉयलर, बॅटरी, इनक्युबेटर, काहीतरी तापणारं बनवाल. डिस्प्लेवर आकडा बरोबर दिसला की काम झालं असं वाटेल. तेव्हा एकदा उठून जा आणि काचेला हात लावून बघा.